मंगलोरी कौल, कुंभाराचे चाक आणि १८६५ साल

दिवेआगर हे नाव इतिहासाच्या वाचकाला दोन धातूंमुळे ठाऊक असते. एक तांबे : शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० मधील मराठी ताम्रपट याच गावचा. दुसरे सोने : १९९७ साली सुपारीच्या वाडीत जमिनीखाली सापडलेला आणि २०१२ साली चोरीस गेलेला गणपतीचा सुवर्णमुखवटा. या दोहोंच्या झळाळीत तिसरा पदार्थ कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. तो आहे भाजलेली माती. गावातील जुन्या घरांच्या आढ्यापासून वळचणीपर्यंत ती पसरलेली असते आणि दर वर्षी चार महिने पाऊस झेलते. हा धागा त्या मातीविषयी, म्हणजेच घराच्या कौलांविषयी आहे.

कोकणातील निवासस्थानांच्या जाहिरातींत ‘पारंपरिक कौलारू घर’ हे शब्द हटकून येतात. लाल, चपटी, एकमेकींत अडकलेली कौले हे तर कोकणाचे बोधचिन्हच बनले आहे. परंतु असे एखादे जुने कौल उतरवून पालथे केले, तर त्याच्या पाठीवर इंग्रजी अक्षरांचा ठसा दिसतो : कोठे बासेल मिशन टाइल वर्क्स, कोठे अल्बुकर्क अँड सन्स, कोठे आणखी एखाद्या कारखान्याचे नाव. पुष्कळदा त्याखाली १८६५ हा आकडाही असतो. ज्याला आज परंपरा म्हटले जाते, ती वस्तू लोखंडी साच्यातून दाबून काढलेला कारखानी माल आहे.

(एक सावधगिरीची सूचना. १८६५ हा आकडा पाहून जुन्या वस्तूंच्या बाजारात ‘दीडशे वर्षांपूर्वीचे कौल’ म्हणून भाव सांगितला जातो. तो आकडा कारखान्याच्या स्थापनेचा आहे, कौलाच्या जन्माचा नव्हे. पुढे कित्येक दशके तोच ठसा उमटत राहिला.)

मग त्याआधी कोकणातील घरांवर काय होते? बहुसंख्य घरांवर गवत, भाताचा पेंढा किंवा माडाच्या झावळ्या. ज्यांना परवडे त्यांच्या घरांवर नळीची कौले. ही कौले गावचा कुंभार चाकावर घडवी. घागर घडवताना जो हात चालतो तोच येथेही चाले. फरक इतकाच की भांड्याला बूड नसे. चाकावर एक पोकळ नळी उभी राही, एका टोकाला किंचित निमुळती. ती अर्धवट सुकली की तिच्या अंगावर समोरासमोर दोन उभ्या रेघा कापायच्या, पूर्ण वाळली की हलकेच दुभंगायची. एका नळीची दोन कौले होत. मग घागरी-मडक्यांबरोबरच ती आव्यात रचायची आणि पेंढा, गोवऱ्या, काटक्यांच्या जाळात भाजायची.

छपरावर ती दोन थरांत बसत. खालचा थर उताणा, पन्हळीसारखा. वरचा पालथा, दोन पन्हळींमधला सांधा झाकणारा. एका मंगलोरी कौलाइतकी जागा झाकण्यास अशी कितीतरी कौले लागत. त्यांना खिळा नाही, आकडा नाही. स्वतःच्या वजनावर आणि शेजाऱ्याच्या आधारावर ती पडून राहत. आव्यातील आच बेताची, म्हणून अंग सच्छिद्र आणि ठिसूळ. मांजर धावले, माकड उतरले, नारळ पडला, की फुटतूट ठरलेलीच. म्हणून दर वर्षी मृगापूर्वी छप्पर उतरवून परतावे लागे. फुटकी कौले बाजूला, नवी कुंभाराकडून, आणि सबंध पाखे पुन्हा नव्याने रचायचे. कौले परतणे हे कोकणातील वार्षिक कर्तव्य होते.

या कर्तव्यात एक अर्थव्यवस्था दडलेली होती. कुंभार हा बलुतेदार. वर्षभर मडकी, पणत्या, लग्नकार्याची भांडी आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कौले पुरवायची, सुगीला धान्याचा वाटा घ्यायचा. कौल लवकर फुटते हा मालाचा दोष खरा. परंतु त्या दोषावरच कुंभाराचे आणि गावाचे नाते दर वर्षी नवे होत असे. न फुटणारे कौल या व्यवस्थेत कोणी मागितले नव्हते. ते आले बाहेरून, आणि फार दूरच्या वाटेने.

फ्रान्स, जर्मनी व स्वित्झर्लंड यांच्या सीमा जेथे जवळ येतात तेथे अल्साससमध्ये आल्टकिर्श नावाचे गाव आहे. तेथील झिलार्दोनी बंधूंनी १८४१ साली एकमेकांत अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. त्यांची कल्पना साधी होती. कौलाच्या एका कडेला खाच, दुसऱ्या कडेला कंगोरा. शेजारचे कौल त्यात बसते. पाठीला आकडा, तो लाकडी रिपेला धरतो. त्यामुळे दोन थरांची गरज संपली. एकाच थरात पाणी अडते, वजन घटते, लाकूड वाचते. कौल हा नुसता मातीचा तुकडा न राहता मोजून आखलेला यंत्रभाग झाला. औद्योगिक अभिकल्प म्हणजे काय, हे समजावून सांगण्यास याहून नेटके उदाहरण मिळणे कठीण.

आल्टकिर्शपासून बासेल हे स्विस शहर जेमतेम तीसेक किलोमीटरवर. बासेल मिशन ही प्रॉटेस्टंट संस्था १८३४ पासून मंगळूर परिसरात काम करीत होती. तिच्यापुढे एक व्यावहारिक पेच होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाचे जातीसोबत जातीचे कामही सुटे. त्याला पोट भरण्यास काय द्यायचे? मिशनने विणकाम, छपाई असे उद्योग काढले. गेओर्ग प्लेब्स्ट हे मिशनमधील यंत्रज्ञ. नेत्रावती आणि गुरुपूर या नद्यांच्या काठची चिकणमाती त्यांनी पारखली आणि १८६५ मध्ये मंगळूरच्या जेप्पू भागात कौलांचा कारखाना उभा केला. तेथे निघालेले कौल आल्टकिर्शच्याच कुळातले. पुढे कुद्रोळी, कालिकत, मालपे, फेरोक येथेही मिशनचे कारखाने निघाले. १८६८ मध्ये मंगळूरच्याच अल्बुकर्क घराण्याने आपला कारखाना काढला आणि त्यामागोमाग इतर स्थानिकांनी.

या कारखान्यांत यंत्रे होती म्हणजे हात नव्हते, असे समजणे चुकीचे ठरेल. दाबयंत्राचा मळसूत्री दांडा माणसेच फिरवीत. साच्यातून निघालेल्या ओल्या कौलाच्या कडा हातानेच तासल्या जात, फळीवर घालून कौले वाळवणीच्या मांडणीवर नेली जात. माती कशी मुरवावी, कितपत ओली ठेवावी, भट्टीचा रंग पाहून आच कशी ओळखावी, हे ज्ञान कुंभाराच्या अंगणातले होते. कारखान्याने ते ज्ञान घेतले. वगळली ती एकच गोष्ट. आकार कसा असावा हे ठरवण्याचा हक्क आता चाकावर बसलेल्या माणसाकडे नव्हता. तो लोखंडी साच्यात आधीच ठरलेला होता.

मंगळूरहून कौले उत्तरेकडे निघाली ती समुद्रमार्गाने. शिडाची गलबते आणि फत्तेमाऱ्या किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईपर्यंत माल नेत आणि वाटेत कोकणातील बंदरे लागत. नारळी पौर्णिमेपासून मृगापर्यंत समुद्र खुला, म्हणजे कौले पावसाआधीच उतरवून घ्यावी लागत. आधी सरकारी इमारती, वखारी आणि खोत-सावकारांची घरे, मग हळूहळू बाकीची, असा या कौलाचा सर्वसाधारण प्रवास होता. मंगलोरी कौल बलुत्यात मिळत नसे. त्याला रोकड लागे. ती रोकड आणली मुंबईने. गिरणीत राबणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर गावाकडे येई आणि काटकसरीने साठवलेल्या त्या पैशांतून एके वर्षी घरावर कौल चढे. कापड गिरणी आणि कौलाचा कारखाना या दोन यंत्रांची गाठ अशी कोकणातल्या छपरावर पडली.

बदलले ते केवळ छप्पर नव्हे. नळीच्या कौलाला खालचे लाकूड वाकडे असले तरी चाले. बांबूच्या कामट्यांची बिछायत पसरली की काम भागे. मंगलोरी कौलाचा आकडा मात्र ठरावीक अंतरावरच रीप मागतो. रीप बोटभर सरकली की कौल बसत नाही. म्हणजे वासे सरळ हवेत, रिपा करवतीने सारख्या चिरलेल्या हव्यात, पाखे काटकोनात हवे. कारखान्यातला साचा असा सुताराच्या मोजमापातही शिरला. आज ज्या नेटक्या, सरळ रेषांच्या कोकणी घराचे कौतुक होते, त्या नेटकेपणाचा मोठा वाटा या कौलाच्या हट्टाचा आहे.

आता त्याच वर्षातील दुसरी घटना. १८६५ च्याच उन्हाळ्यात जॉन लॉकवुड किपलिंग नावाचा तरुण इंग्रज मुंबईत उतरला. १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत शिल्पकलेचा अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली होती. (त्याच वर्षाच्या अखेरीस येथेच जन्मलेला त्याचा मुलगा म्हणजे लेखक रडयार्ड किपलिंग. ते नाव ठेवले गेले स्टॅफर्डशरमधल्या एका तळ्यावरून, कारण आईबापांची पहिली भेट तेथे झाली होती.) किपलिंग आला होता इंग्लंडच्या मातीकामाच्या राजधानीतून. बर्सलेम येथील पिंडर, बोर्न आणि कंपनी या कारखान्यात त्याने नक्षीकाराचे काम केले होते. बर्सलेम हे जोसाया वेजवुडचे जन्मगाव. एक जण माती मळतो, दुसरा घडवतो, तिसरा नक्षी उतरवतो, चौथा झिलई देतो, अशी श्रमविभागणी अठराव्या शतकातच तेथे रुजली होती.

म्हणजे एका वर्षात पश्चिम किनाऱ्यावर युरोपातून दोन मातीविद्या उतरल्या. मंगळुरात उतरली ती कारखाना काढण्यासाठी. मुंबईत जो माणूस उतरला तो कारखान्यात वाढलेला, परंतु येथे आल्यावर त्याने आयुष्य घालवले हस्तकारागिरीची बाजू मांडण्यात. १८७५ मध्ये तो लाहोरच्या कलाशाळेचा प्रमुख होऊन गेला. ज्यांनी यंत्र जवळून पाहिले तेच हाताचे वकील झाले, हे त्या काळात अनेकांच्या बाबतीत घडले.

मुंबईच्या कलाशाळेत प्रत्यक्ष कुंभारकाम सुरू केले ते जॉर्ज टेरी यांनी, १८७० च्या दशकात. त्यांनी सिंधमधील झिलईदार मातीकामाचे निष्णात कारागीर मुंबईत आणले. त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली कलाशाळेचे विद्यार्थी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. ते काम १८७२ पासून १८८५ पर्यंत चालले. टेरी यांनी या दोहोंची सांगड घातली. सिंधी निळी-हिरवी झिलई आणि तिच्यावर अजिंठ्यातील आकृत्या, वेलबुट्ट्या किंवा देवादिकांच्या कथा. फुलदाण्या, थाळे, सुरया, भिंतीवर लावण्याच्या फरशा असा माल तयार होई, आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांत जाई आणि युरोपीय ग्राहक तो घेत. ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ या नावानेही ती ओळखली गेली. आज ही भांडी मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

या मालाला शुद्ध देशी म्हणावे की नाही, हा वाद तेव्हाही होता आणि आजही आहे. सिंधचा हात, अजिंठ्याची रेषा, इंग्रज शिक्षकाची निवड आणि व्हिक्टोरियन दिवाणखान्याचे गिऱ्हाईक : यांतले मूळ कोणते? परंतु अधिक महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. या भांड्यांत कोकणातील कुंभार कोठे आहे? नाही. त्याची घागर फार साधी, त्याचे कौल तर कलेच्या गणतीतच नाही.

जॉर्ज बर्डवुड यांचा भारतीय कारागिरीवरील प्रसिद्ध ग्रंथ १८८० चा. त्यात टेरी यांच्या उपक्रमाची दखल आहे आणि गावाच्या तोंडाशी पिढीजात चाकावर बसलेल्या कुंभाराचे एक रमणीय शब्दचित्रही आहे. विल्यम मॉरिस यांच्या पिढीतील हस्तकलावाद्यांवर या ग्रंथाचा प्रभाव पडला आणि पुढे विसाव्या शतकात बर्नार्ड लीच प्रभृतींनी स्टुडिओ पॉटरीची जी भूमिका मांडली, तिच्यामागे यंत्राविरुद्ध हात ही भावना होती. ते शब्दचित्र लंडनमध्ये वाचले जात होते तेव्हा मंगळूरचे कौल उत्तरेकडे सरकत होते आणि त्या कुंभाराचे उन्हाळी उत्पन्न कमी होत होते. एकीकडे त्याचे गुणगान, दुसरीकडे त्याची उचलबांगडी. आणि ज्यांनी गुणगान केले त्यांना कौल दिसले नाही, कारण ते फुलदाणीकडे पाहत होते. ही चूक क्षम्य मानणे अवघड आहे. कुंभाराचा संसार जसा घागरीवर चाले तसा कौलावरही, आणि हे १८८० मध्ये पाहणाऱ्याला दिसण्यासारखे होते.

विसाव्या शतकात पारडे आणखी फिरले. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे उद्योग शत्रुपक्षीय मालमत्ता ठरून ताब्यात घेतले गेले आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. सौराष्ट्रात थान, वांकानेर, मोरबी या पट्ट्यात मातीचे कारखाने वाढले. त्यांच्या आरंभीच्या उभारणीत परशुराम गणपुले या मराठी माणसाचे नाव घेतले जाते आणि परशुराम पॉटरी वर्क्स ही कंपनी त्यांच्याच नावाची. मोरबीत पुढे मंगलोरी धर्तीचीच कौले निघू लागली. त्याच मोरबीने नंतर कौल सोडून फरशी धरली. कोकणातील शेणाने सारवलेली जमीन आज ज्या चकचकीत फरशीखाली गेली आहे, ती बव्हंशी तिकडची.

स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योगाच्या चळवळीने कुंभाराकडे पुन्हा लक्ष दिले. बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथे ग्रामीण कुंभारकामाची केंद्रीय संस्था उभी राहिली. सुधारित चाक, बंदिस्त भट्टी, झिलई यांचे शिक्षण तेथे देशभरातील कुंभारांना मिळू लागले. दुसऱ्या बाजूने शहरांत स्टुडिओ पॉटरी रुजली. निर्मला पटवर्धन यांचे कुंभारकामावरील इंग्रजी हस्तपुस्तक तर भारतातील अनेक स्टुडिओंत हाताशी ठेवले जाते. झिलईची सूत्रे देणाऱ्या अशा पुस्तकातून एक गोष्ट स्पष्ट होते. स्टुडिओतील कलावंत चाकावर एकटा बसलेला असला तरी त्याचे फेल्डस्पार, क्वार्ट्झ, चिनी माती, भट्टीच्या उष्णतारोधक विटा, तापमान मोजणारे शंकू हे सारे औद्योगिक जगातून येते. कारखान्याविरुद्ध उभी राहिलेली कला कारखान्याच्या कच्च्या मालावरच जगते. याउलट गावचा कुंभार माती शेतातून, जळण रानातून आणि चाक घरातून घेत असे. त्याला कारखाना लागत नव्हता आणि तोच मोडला.

तिन्ही वस्तू पालथ्या करून पाहिल्या तर हा इतिहास बोटाला लागतो. स्टुडिओतील भांड्याच्या बुडाशी कलावंताची सही असते. मंगलोरी कौलाच्या पाठीवर कारखान्याचे नाव असते. नळीच्या कौलावर नाव नसते; चाकावर फिरताना बोटांनी पाडलेल्या बारीक समांतर रेघा तेवढ्या असतात. गंमत अशी की मंगलोरी कौलाचा ठसा खालच्या बाजूस असल्याने रस्त्यावरून तो कधीच दिसत नाही. माळा नसलेल्या घरात उताणे पडलेल्या माणसालाच तो वाचता येतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. दिवेआगर-श्रीवर्धन पट्ट्यातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. पावसाळा तोंडावर होता. अशा वेळी छपराचा प्रश्न रुचीचा राहत नाही, तो दिवसांचा होतो. कौल एकेकटे बदलता येते, फुटले तेवढेच काढायचे. पत्रा उडाला तर सबंध जातो. परंतु कौल बदलण्यास दुसरे कौल मिळावे लागते, रिपा शाबूत असाव्या लागतात, चढून बसवणारा माणूस लागतो. ठिकठिकाणचे कौलांचे कारखाने तोवर मिटत आले होते. पत्रा मात्र तालुक्याच्या दुकानात उभा होता. ज्या कारणांनी कधीकाळी मंगलोरी कौलाने कुंभाराला हटवले, म्हणजे कमी खटपट, कमी परतणी, लवकर काम, त्याच कारणांनी आता पत्रा मंगलोरी कौलाला हटवीत होता.

आणि आता नव्या बांधकामांत एक वेगळाच प्रकार दिसतो. खाली सिमेंटची स्लॅब किंवा पत्रा, वर शोभेपुरती कौले. पाणी अडवण्याचे काम स्लॅबकडे, कोकणपणाचे काम कौलाकडे. खाच आहे, कंगोरा आहे, पाठीला आकडाही आहे. पण पुष्कळ ठिकाणी तो आकडा धरण्यास खाली रीपच नाही. कौल सिमेंटमध्ये चिकटवलेले असते आणि ठसा कायमचा आत बुजतो. जुन्या घरांवरून उतरवलेली कौले वाडीच्या बांधाशी एकावर एक रचून ठेवलेली असतात, कधी अळ्याभोवती उभी पुरलेली. त्यांच्यावरची अक्षरे तेथे उजेडात येतात, आणि शेवाळ धरेपर्यंत वाचता येतात.